अल्बर्ट, मोहन, सलीम आणि आमचे लालबाग

सईद अख्तर मिर्झा हे नाव आमच्या लालबागात फारसे कोणी घेत नाही. चार म्हातारी माणसे बाकावर बसली आणि जुन्या गोष्टी निघाल्या की कॉम्रेड डांगे निघतात, कृष्णा देसाई निघतात, डॉक्टर सामंत तर निघतातच. नाटक-सिनेमाचा विषय असला तर अमर शेख, शाहीर साबळे, दादा कोंडके. ते बरोबरच आहे. दादा तर इथल्याच नायगावचे, गिरणी कामगाराच्या घरातले. त्यांच्या सिनेमाला आमची माणसे घरचे कार्य असल्यासारखी जात. पण गिरणगावातल्या घरांचे काय होत चालले आहे, हे १९८० पासून पुढे पंधरा वर्षे ज्याने पडद्यावर मांडले तो दिग्दर्शक मराठी नव्हता, त्याचे सिनेमे हिंदी होते, आणि आमच्या भागातल्या थिएटरांत ते लागलेले मला तरी आठवत नाहीत. अशा सिनेमांसाठी चर्चगेटला आकाशवाणीच्या थिएटरात जावे लागे. पहिल्या पाळीवरून सुटलेला, कानात सूत अडकलेला माणूस तिथवर कशाला जाईल?

मी काही चित्रपटांची अभ्यासक नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झाले, पुढे बी.एड. केले आणि आयुष्यभर मराठी व इतिहास शिकवला, तोही याच भागात. माझ्याबरोबरच्या एका बाईंना फिल्म सोसायटीचे वेड होते. त्यांच्या नादाने मीही जाऊ लागले. घरी सांगायचे की शाळेचे काम आहे! सत्यजित राय त्यांच्यामुळे कळले, बेनेगल कळले, मृणाल सेन निम्मे कळले आणि मणि कौल अजिबात कळले नाहीत. (ते अजूनही कळलेले नाहीत. इथे प्रामाणिक राहिलेले बरे.) पण मिर्झांचे सिनेमे पाहताना "यात काय सांगायचे आहे?" असा प्रश्न कधी पडला नाही. ती माणसे मला रोज रस्त्यात भेटत होती.

आधी माणसाची थोडी ओळख. मिर्झांचा जन्म १९४३ चा, मुंबईतलाच. वडील अख्तर मिर्झा हे हिंदी सिनेमाचे नावाजलेले लेखक. 'नया दौर' (१९५७) आणि 'वक्त' (१९६५) त्यांनी लिहिलेले. 'नया दौर' आठवतो ना? टांगेवाला आणि मोटार यांची शर्यत, आणि शर्यत टांगेवाला जिंकतो. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली होती, तेव्हा लोकांना हे खरे वाटत असे, निदान खरे व्हावे असे वाटे. त्याच लेखकाच्या मुलाने पुढे जे सिनेमे काढले त्यांत टांगेवाल्याच्या जागी असलेला माणूस एकदाही जिंकत नाही. बाप आणि मुलगा यांच्यामधली वीस-पंचवीस वर्षे म्हणजे आपल्या देशाचा एक धडाच आहे, आणि मी इतिहासाची शिक्षिका असल्याने मला तो धडा पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा नीट समजला.

सईद मिर्झा काही वर्षे जाहिरातींच्या व्यवसायात होते. तिशी जवळ आल्यावर ती नोकरी सोडून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९७६ साली तिथून बाहेर पडले. कुंदन शहा हे तिथलेच त्यांचे मित्र, 'जाने भी दो यारों' वाले. आणि त्यांची पहिली मोठी कामगिरी चक्क मराठीत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली आणि १९७६ मध्ये तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वर सिनेमा केला. पटकथा स्वतः तेंडुलकरांची, आणि नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. दिग्दर्शक एक नाही, चार: मणि कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप आणि सईद मिर्झा. ओम पुरींचा हा पहिलाच सिनेमा. हा चित्रपट इथे जवळजवळ हरवलाच होता; बर्लिनमधल्या एका संस्थेकडे असलेल्या प्रतीवरून २०१४ च्या सुमारास तो पुन्हा उजेडात आला. पुण्याच्या नाना फडणविसांना शोधायला बर्लिनला जावे लागले! असो.

१९७८ चा 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' हा त्यांचा स्वतःचा पहिला चित्रपट. श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, काय करावे हे न कळणारा, बापाचा पैसा नको आणि सोडवतही नाही. दिलीप धवन नायक होते आणि बापाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. समीक्षकांनी गौरवला. माझे मत विचाराल तर कंटाळवाणा आहे, पण डॉक्टरांसाठी पाहावा.

खरा मुक्काम आहे तो 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (१९८०) इथे. पुष्कळांना हे नाव म्हणजे एक गंमत म्हणून माहीत आहे, म्हणीसारखे वापरतात. कोणी चिडले की म्हणायचे, "का रे, अल्बर्ट पिंटो झालास का?" पण गोष्ट गंमतीची नाही. अल्बर्ट (नसीरुद्दीन शहा) मोटार मेकॅनिक आहे. गिऱ्हाइके बडी, त्यांच्या गाड्या भारी, त्या दुरुस्त करता करता आपणही त्यांच्यातलेच आहोत असे त्याला वाटू लागलेले. मेहनत केली की माणूस वर जातो आणि संप करतात ते गुंड, अशी त्याची ठाम समजूत. आता या मुलाचा बाप कोण, तर गिरणी कामगार. गिरणीत संप चालू आहे आणि बाप संपात आहे. बहीण (स्मिता पाटील) पायाने अधू, साड्यांच्या दुकानात विक्रेतीचे काम करते. भाऊ वाईट मार्गाला लागलेला. मैत्रीण (शबाना आझमी) ऑफिसात नोकरी करणारी, तिथे तिचे वेगळे हाल. अल्बर्ट सगळ्यांवर चिडतो: बहिणीवर, मैत्रिणीवर, भावावर. एक दिवस बाप मालकांच्या भाडोत्री गुंडांचा मार खाऊन घरी येतो. तिथून अल्बर्टचा राग हळूहळू दिशा बदलतो.

बापाची भूमिका अरविंद देशपांडे यांनी केली आहे आणि आईची सुलभाताई देशपांडे यांनी. मिर्झांच्या या निवडीला मी मनापासून दाद देते. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, म्हणजे आमच्याच जातीच्या! त्याच शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने १९७४ पासून जी प्रायोगिक नाटके केली, त्या छबिलदास चळवळीचे हे दोघे आधारस्तंभ. या दोघांनी ख्रिस्ती घरातले आईबाप असे उभे केले आहेत की धर्म, भाषा काही मधे येत नाही. तो बाप फार बोलत नाही. गिरणीतून आलेली माणसे घरात फार बोलत नसतच. दिवसभर यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरात एक तर ओरडायचे नाही तर गप्प बसायचे. माझे थोरले दीर साचे खात्यात होते. त्यांची हीच तऱ्हा.

हा सिनेमा १९८० चा. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून खदखद सुरू झाली, कामगार दत्ता सामंतांच्या दारात जाऊन बसले, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला मान्यता, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाची, आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. म्हणजे ज्याच्याशी मालक बोलणार त्याच्यामागे कामगार नाहीत, आणि ज्याच्यामागे कामगार आहेत त्याच्याशी मालकही बोलत नाहीत आणि सरकारही नाही. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. संपला तो संप नव्हे, संपल्या त्या गिरण्या.

शाळेत हे कसे दिसले ते सांगते. पहिले काही महिने मुले येत होती. डब्यात पोळी-भाजीच्या जागी नुसती भाकरी आणि चटणी, मग डबाच नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी कुटुंबेच्या कुटुंबे गावी गेली. रत्नागिरीची, साताऱ्याची, कोल्हापूरची. दरवर्षी जातच, पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाके रिकामी. मग पालक यायचे ते दाखला न्यायला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, "शाळा सोडण्याचे कारण". त्यात लिहायचे, "गावी गेल्यामुळे". त्या वर्षी हे दोन शब्द किती वेळा लिहिले गेले याची मोजदाद मी केली नाही, पण कारकुनांनी एकदा हातातले पेन ठेवून विचारले, "बाई, याचा शिक्काच करून घेऊ का?" कोणी हसले नाही.

'अल्बर्ट पिंटो' मी संपाच्या आधी पाहिला आणि संपानंतर पुन्हा पाहिला. आधी पाहिला तेव्हा वाटले होते की बरोबर बोलतो आहे, पण जरा जास्त बोलतो आहे. नंतर पाहिला तेव्हा त्या बापाचे गप्प बसणे तेवढे लक्षात राहिले.

तरी एक-दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर मी नुसती आरती ओवाळते आहे असे होईल. मिर्झांचा कामगार हा थोडा बाहेरून पाहिलेला कामगार आहे. गिरणी म्हणजे सगळे भाऊ-भाऊ, असे त्या काळच्या डाव्या मंडळींना दाखवायला आवडे. प्रत्यक्षात साचे खात्यात दलितांना वर्षानुवर्षे घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. पगार साचे खात्यात जास्त. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळीच उभा केला होता, आणि युनियनच्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला होता. साच्यांवर मराठे होते आणि मदनपुऱ्याचे मुसलमान विणकर होते; दलित रिंग खात्यात. वाइंडिंग खात्यातल्या बायका तर मिर्झांच्या सिनेमात कुठेच नाहीत. म्हणजे ते गोकुळ नव्हते. पण एक होते: भोंगा एकच होता. तो वाजला की सगळ्यांना एकाच दारातून आत जावे लागे आणि एकाच दारातून बाहेर. भोंगा बंद झाल्यावर जो तो आपापल्या गल्लीत गेला. मिर्झांचे पुढचे सिनेमे मला त्या गल्ल्यांचेच सिनेमे वाटतात.

'मोहन जोशी हाजिर हो!' (१९८४) त्यातला पहिला, आणि माझा सर्वांत आवडता. निवृत्त मोहन जोशी आणि त्यांची पत्नी, मोडकळीला आलेली चाळ, दुरुस्ती न करणारा मालक. म्हातारा-म्हातारी ठरवतात की कोर्टात जायचे. मोहन जोशी झाले आहेत भीष्म साहनी, 'तमस'चे लेखक, बलराज साहनींचे धाकटे बंधू. आणि पत्नी दीना पाठक. वकील म्हणून नसीरुद्दीन शहा आणि सतीश शहा अशी जोडी आहे की हसून पुरेवाट होते आणि मग हसल्याचे वाईट वाटते. घरमालकाच्या बाजूने रोहिणी हट्टंगडी, मालक अमजद खान. तारखांवर तारखा पडतात. चाळीतले लोक आधी टिंगल करतात. शेवटी न्यायाधीश इमारत पाहायला येणार म्हटल्यावर मालकाची माणसे घाईघाईने टेकू लावून, रंगरंगोटी करून चाळ उभी करतात. आणि आपले सारे खोटे ठरणार हे दिसल्यावर म्हातारा मोहन जोशी ते टेकूच हलवू लागतो. चाळ त्याच्याच अंगावर येते.

पुण्याच्या भाचीला मी ही गोष्ट फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "मावशी, हे जरा अतीच नाही का झालं?" तिचा जन्म फ्लॅटमधला. टेकू म्हणजे काय हे तिला मुद्दाम सांगावे लागले. आमच्या जिन्याला अकरा वर्षे टेकू होता. पावसाळ्याआधी दुरुस्ती मंडळाची माणसे यायची, खडूने खुणा करायची, दोन बल्ल्या उभ्या करायची आणि जायची. त्या बल्ल्यांवर आमच्या मजल्यावरच्या बायका पायपुसणी वाळत घालीत. टेकू काढला तर काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक असते, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. मोहन जोशी हात लावतो. एवढेच त्याचे बंड आहे.

इथेही एक बाजू मिर्झांनी सोडली आहे, ती शिक्षिकेच्या खोडीने सांगते. मालक दुरुस्ती का करत नाही? तो लोभी आहे हे खरेच. पण १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धाच्या काळातली महागाई आणि जागेची टंचाई पाहता तेव्हा ते आवश्यकच होते, त्याशिवाय गिरण्यांतली माणसे या शहरात राहूच शकली नसती. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि पन्नास वर्षे राहिला. भाड्यात झाडूवाल्याचा पगार निघेना, तिथे दुरुस्ती कुठली? मग पडझडी सुरू झाल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, उपकर आला, पुढे ते काम म्हाडाकडे गेले. म्हणजे मालकाला इमारत नको असते, जमीन हवी असते. आणि भाडेकरूला इमारत हवी असते, पण ती त्याची नसते. या दोघांच्या मधे टेकू. पडद्यावर मालक खलनायक असला की गोष्ट सोपी होते. कोर्टात ती सोपी का होत नाही, हे मोहन जोशीला कोणी समजावून सांगितले असते तरी त्याने ऐकले नसते म्हणा!

या चित्रपटाला कुटुंबकल्याणावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुटुंबकल्याण! म्हाताऱ्यावर चाळ कोसळते त्याला कुटुंबकल्याण म्हणायचे, हे फक्त सरकारलाच सुचू शकते.

आणि मग आमच्या लालबागनेही मिर्झांना पाहिले. मात्र ते मिर्झा आहेत हे कोणाला कळले नाही. १९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर 'नुक्कड' लागले. कुंदन शहा आणि सईद मिर्झा यांची मालिका. इलेक्ट्रिशियन गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाला कादरभाई, दारुडा खोपडी आणि गणपत हवालदार झालेले आपले अजय वढावकर. संपानंतर घरोघर बसलेली माणसे ती मालिका अशी पाहत की जणू चाळीच्या कोपऱ्यावरच चालली आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचा एक जण, संपात नोकरी गेलेला, त्याला पोरे तेव्हापासून खोपडीच म्हणू लागली. त्याला ते आवडे, निदान तसे तो दाखवी. 'नुक्कड'मधली शिक्षिका 'टीचरजी' मात्र मला कधी पटली नाही. एवढी गोड शिक्षिका मी पस्तीस वर्षांत पाहिली नाही.

'नुक्कड'मध्ये कादरभाई आणि हरी एकाच कोपऱ्यावर बसतात आणि कोणाला त्यात काही सांगण्यासारखे वाटत नाही. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, मिर्झांनी 'सलीम लंगडे पे मत रो' काढला. लालबागहून बसने भायखळ्याचा पूल ओलांडला की पुढे जी वस्ती लागते, दो टाकी, भेंडी बाजार, तिथली ही गोष्ट. सलीम (पवन मल्होत्रा) हा छोटा-मोठा भाई, लंगडत चालणारा, तोऱ्यात राहणारा. त्याचे दोन साथीदार म्हणजे मकरंद देशपांडे आणि आशुतोष गोवारीकर. बहीण झाली आहे निशिगंधा वाड. आणि सलीमचा बाप कोण? गिरणी गेलेला कामगार. भूमिका विक्रम गोखले यांची.

अरविंद देसाईचा बाप डॉ. लागू, अल्बर्टचा बाप अरविंद देशपांडे, सलीमचा बाप विक्रम गोखले. गुजराती व्यापारी, ख्रिस्ती कामगार, मुसलमान कामगार, आणि तिन्ही बापांना चेहरे मराठी रंगभूमीचे. हा योगायोग असेल, नसेलही. मला त्यात एवढे दिसते की या दिग्दर्शकाला 'मुंबईचा बाप' शोधायचा झाला की तो दादर-गिरगावच्या नाट्यगृहांकडे वळत होता.

अल्बर्टचा बाप संपात होता, त्याच्या मागे मोर्चा होता. सलीमच्या बापामागे कोणी नाही. तो घरात बसून असतो आणि मुलगा चोरीचा माल आणून घर चालवतो. अल्बर्टला निदान कोणावर चिडायचे ते कळले; सलीमला तेवढेही समजून द्यायला कोणी उरलेले नाही. एक जण येतो: बहिणीचे ज्याच्याशी लग्न ठरते तो अस्लम, उर्दू वर्तमानपत्रात मुद्रिते तपासणारा, शिकलेला, गरीब आणि ताठ कण्याचा. त्याच्यामुळे सलीमला वाटू लागते की नीट जगावे. आणि तेव्हाच तो मारला जातो. राष्ट्रीय पुरस्कारांत हा उत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. मुद्रिते तपासणाऱ्या माणसाला सिनेमात मान मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला, म्हणून माझा त्याच्यावर विशेष लोभ.

त्यानंतर ६ डिसेंबर १९९२ आणि त्यानंतरचे दोन महिने. मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाने पुढे सगळे लिहून ठेवले आहे, मी त्यात पडत नाही. शाळेतले सांगते. आमच्या मराठी शाळेत कोकणी मुसलमानांची मुले असत. घरी बोली कोकणातलीच, चिपळूण-दापोलीकडची, मराठीत गुण बरे. जानेवारीची सुट्टी वाढत वाढत गेली. शाळा भरली तेव्हा माझ्या वर्गातली तीन मुले आली नाहीत. फेब्रुवारीत एकाचे वडील एकटेच आले, दाखला न्यायला. मुंब्र्याला जागा घेतली म्हणाले. तोच रकाना. त्यांनी स्वतःच सांगितले, "बाई, 'गावी गेल्यामुळे' लिहा." गावी ते जात नव्हते. पण कारकुनांनी लिहिले. अकरा वर्षांत तेच दोन शब्द दुसऱ्यांदा.

मिर्झांचा 'नसीम' (१९९५) हा त्या रकान्यात प्रत्यक्षात काय लिहायला हवे होते त्याचा सिनेमा आहे. जून ते डिसेंबर १९९२ एवढाच काळ. पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी नसीम (मयूरी कांगो, आपल्या मराठवाड्याची) आणि तिचे आजारी आजोबा. आजोबा झाले आहेत कैफी आझमी. कवी म्हणून सगळ्यांना माहीत, पण कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते म्हणून त्यांनी मदनपुऱ्याच्या कामगार वस्तीत कित्येक वर्षे काम केले होते. म्हणजे या सिनेमात गिरणी नाही, संप नाही, तरी गिरणगावाचा एक जुना माणूस खाटेवर पडून आहे. तो नातीला आग्र्याच्या जुन्या गोष्टी सांगतो. खालच्या खोलीत टीव्हीवर बातम्या चालू असतात. तुम्ही पाकिस्तानात का गेला नाहीत, असे घरात विचारले जाते, तर उत्तर मिळते की तुझ्या आजीला दारातले झाड फार आवडायचे. सहा डिसेंबरला आजोबा जातात.

यात कोणी ओरडत नाही. अल्बर्टचा राग, मोहन जोशीचा हट्ट, सलीमचा तोरा, काही नाही. या चित्रपटाने मिर्झांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेचाही (अशोक मिश्रा यांच्यासह). आणि मग त्यांनी काम जवळजवळ थांबवलेच. 'नसीम'नंतर आपल्याजवळ सांगण्यासारखे काही उरले नव्हते, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. वय अवघे बावन्न. या वयात आपल्याकडे दिग्दर्शकाला 'उमेद असलेला' म्हणतात.

त्यावर लोक म्हणतात, वाया गेला, पैसे मिळाले नाहीत, काळ बदलला. पैशांचे खरे आहे. चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांचा हात आखडला तसे सगळेच समांतरवाले अडचणीत आले. पण मला हे थांबणे अर्धवट वाटत नाही. त्यांचे सगळे सिनेमे शहरातल्या एका माणसाचे नाव घेऊन सुरू होतात. अरविंद देसाई, अल्बर्ट पिंटो, मोहन जोशी, सलीम लंगडा, नसीम. हजेरीच घेत होते म्हणा ना. आणि हजेरी घेणाऱ्याला एक वेळ अशी येते की नाव पुकारावे आणि समोरून "हजर" येऊ नये. मी तो अनुभव दोनदा घेतला आहे. पुढचे नाव पुकारायला घसा निघत नाही.

ते स्वस्थ मात्र बसले नाहीत. स्वातंत्र्याच्या पन्नाशीला दूरदर्शनसाठी देशभर फिरून त्यांनी लोकांशी बोलणारी माहितीपटांची मालिका केली. नंतर ते लेखनाकडे वळले. २००८ मध्ये आईला लिहिलेल्या पत्रांच्या रूपाचे 'अम्मी', मग २०१२ आणि २०१८ मध्ये आणखी पुस्तके. कुंदन शहा २०१७ मध्ये गेले, त्यांच्या मैत्रीवरही त्यांनी पुस्तक लिहिले. ही पुस्तके इंग्रजीत आहेत, मी 'अम्मी' शब्दकोश जवळ घेऊन वाचले. मराठीत कोणी आणले तर बरे होईल. मी स्वतः प्रयत्न केला असता, पण डोळे आता साथ देत नाहीत.

मराठीने या विषयाला हात घातला नाही असे नाही. नारायण सुर्वे होतेच. जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ मध्ये आले. जयंत लालबागचाच. (२०२१ मध्ये तो गेला, आमच्यासाठी तो अजूनही 'जयंत'च.) संपानंतर चाळीतल्या एका खोलीत आई आणि मुले कशी सैरभैर होतात, हे त्याने आतून लिहिले, मिर्झांना जमले नसते इतके आतून. त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' काढला आणि तो मात्र इथल्या लोकांनी रांगा लावून पाहिला, भांडलेही त्यावरून. पण 'अधांतर' संपानंतर पंधरा वर्षांनी आले. अल्बर्ट पिंटो संपाआधी दोन वर्षे. या सतरा वर्षांत गिरणी कामगाराच्या घरातली पोरे पडद्यावर कोणी जिवंत ठेवली, तर ती सईद मिर्झांनी, हे आमच्या बाकावरच्या मंडळींना सांगायला हवे.

२०१९ मध्ये सौमित्र रानडे यांनी 'अल्बर्ट पिंटो' नव्याने केला. नाव तेच, मानव कौल आणि नंदिता दास. राग आहे, पण अल्बर्टचा बाप आता गिरणी कामगार नाही. भ्रष्टाचाराचा खोटा आळ आलेला प्रामाणिक नोकरदार आहे. रानड्यांचा इलाज नव्हता. २०१९ च्या मुंबईत गिरणीत जाणारा बाप ते आणणार कुठून?